आप्पांच्या सेक्शनबाहेरचं पाणी

पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा आप्पांनी कमरेवर हात ठेवले, डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश नजर फिरवली आणि विचारलं, "हे कुणाच्या सेक्शनमधी येतं?"

आम्ही सगळे हसलो. आप्पा हसले नाहीत. एवढं पाणी आहे त्याअर्थी त्याच्यावर एक साहेब असणार, साहेबाच्या हाताखाली माणसं असणार, आणि ती माणसं कामात ढिली असणार, हे त्यांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. एक लाट आली ती धोतर भिजवून गेली. दुसरी अलीकडेच थांबली.

"बघा," आप्पा म्हणाले, "पाण्याचा डिस्चार्ज एकसारखा न्हाई. कुणाचं लक्षच न्हाई."

केडगाव स्टेशनच्या मागं माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लागून आप्पांचं घर. सगळी नोकरी त्यांनी कालव्यावर काढली. कालव्याला पाणी सुटलं की दारं उघडायची, कुणाच्या शेताला किती वेळ जातंय ते पाहायचं, चोरून फोडलेला बांध बुजवायचा आणि आवर्तन संपलं की दारं टाकायची. रिटायर झाले तेव्हा खात्यानं नारळ आणि शाल दिली. डोक्यातला कालवा काही काढून घेतला नाही.

कालव्याचा एक नियम असतो. पाणी सुटलं की आधी अगदी शेवटच्या शेताला, म्हणजे टेलला, द्यायचं आणि मग वर वर येत जायचं. नाहीतर वरचेच पिऊन टाकतात आणि खालच्याच्या वाट्याला नुसती ओल येते. आप्पांनी हा नियम जगाला लावला. लग्नात पंगत बसली की ते वाढप्याला अडवायचे, "आधी टेल! शेवटून धरा!" वाढपी बिचारा भाताचं घमेलं घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पळायचा. माझ्या गिरणीत यायचे, डब्यांची रांग बघायचे आणि विचारायचे, "शेवटचा डबा कुणाचा?"

"आप्पा, ज्याचा नंबर त्याचं दळण. तुम्ही बसा."

"म्हंजी टेल कोरडंच?"

"टेलनं लवकर यावं."

ते मान हलवत निघून जायचे. माझा कारभार त्यांच्या मते कधी सुधारायचाच नव्हता.

हौसाकाकू म्हणजे त्यांच्या मंडळी. मी लग्न होऊन केडगावात आले तेव्हा त्यांचा आवाज आधी ऐकला आणि त्या नंतर दिसल्या. पाणी चोरणारे शेतकरी आप्पांना भीत नसत, काकूंना भीत. आप्पा शिट्टी मारायचे, कायदा सांगायचे, खात्याचं नाव घ्यायचे. काकू कालव्याच्या भरावावर उभ्या राहून पलीकडच्या काठावरच्या माणसाचा बाप, आजा आणि त्याच्या बैलाची आई काढायच्या. कालवा तुडुंब भरून वाहत असला तरी तो आवाज पलीकडं जायचा. माणूस फावडं टाकून पळायचा.

मग एका उन्हाळ्यात काकू बोलायच्या थांबल्या.

भांडण नाही, ताप नाही, पडल्या-झडल्या नाहीत. आधी कमी बोलायला लागल्या, मग हूं-हूं करायला लागल्या, मग तेही गेलं. वाढलं तर जेवायच्या, हाताला धरून उठवलं तर उठायच्या. देवऋषी झाला, पुण्याचे दोन डॉक्टर झाले. गोळ्या झाल्या. शेवटच्या डॉक्टरनं हात टेकले आणि सांगितलं, "यांना जरा हवापालट करा. माणसांत ठेवा. समुद्रावर वगैरे घेऊन जा, मन मोकळं होतं."

डॉक्टरनं सहज म्हटलं असेल. आप्पांनी ते सरकारी आदेशासारखं घेतलं. दुसऱ्याच दिवशी गिरणीत आले. "आपल्याला कोकणात जायचंय. गफूरची जीप सांगितलीय. तुमी बी चला, हौसाला बायामाणूस पायजे संगं."

मी तेव्हाच सांगितलं, "आप्पा, समुद्र बघून माणूस बोलायला लागलं असतं तर डॉक्टरांनी दवाखाने तिकडंच बांधले असते."

"बोलंल," आप्पा म्हणाले. "नुसती गाडीतनं खाली उतरली तरी बास."

म्हणून आम्ही जायला लागलो. थंडीत, वर्षाआड नाही, दर वर्षी. श्रीवर्धनच्या अलीकडं एका गावात नलूताई म्हणून आहेत, त्यांच्या घरी मुक्काम. रोज सकाळी तिथून निघायचं, एक ठिकाण करायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. माणसं ठरलेली. मी, रेल्वेतनं रिटायर झालेले गायकवाड गार्ड, झेंडूवाले शेळके आणि त्यांची बायको, ड्रायव्हर गफूर. आप्पा पुढं. काकू सगळ्यात मागच्या आडव्या बाकावर.

मागच्या बाकावर हाडं खिळखिळी होतात. पहिल्या वर्षी घाटात मी आप्पांना झापलं. "आजारी बाईला तिथं कशाला बसवलंय? पुढं घ्या की त्यांना."

आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच अडाणी. "ती टेलला हाय," ते म्हणाले. "समदं आधी तिला मिळतं."

आणि खरंच. चहा घेतला की पहिला ग्लास मागं. भाकरी सोडली की पहिली मागं. शहाळं फोडलं की मागं. काकू हातात घेऊन बसायच्या. कधी प्यायच्या, कधी कलंडायचं.

सहली म्हणाल तर एक धड झाली नाही. डॉल्फिन बघायला होडीतून गेलो तेव्हा शेळक्यांना बोट लागली. शेळके गडी दणकट, झेंडूची पोती एका हातानं फेकणारा, पण पहिल्या दोन लाटांत त्यांनी सकाळचं थालीपीठ समुद्राला अर्पण केलं. बायको म्हणाली, "घरी देवाला नारळ द्यायला जीवावर येतं, हितं बघा कसे देताय." डॉल्फिन आले, उड्या मारून गेले. होडीवाल्यानं कौतुकानं विचारलं, "कसे वाटले?" आप्पा म्हणाले, "एवढे मोठे मासे मोकळे सोडल्यावर भराव राहील का?"

पाण्यातल्या किल्ल्यावर गेलो तेव्हा लोक तोफा बघत होते आणि आप्पा गोड्या पाण्याच्या टाक्यात अर्धे वाकून गळती शोधत होते. दीपगृहाची टेकडी चढायची तर पायवाट सोडून ओढ्यातनं नेलं. म्हणे पाणी गेलंय ती वाट चुकत नाही. ओढा कड्यावर संपला. काटे काढत खाली आलो.

गायकवाड गार्ड रोज म्हणायचे, "आप्पा, गाडी सोडायच्या आधी लाईन क्लियर हाय का इचारायचं असतं."

"तुमच्या रूळाला काय कळतंय पाणी," आप्पा म्हणायचे.

पण प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी व्हायची. सगळे उतरले की आप्पा मागच्या दाराशी जायचे. पडदा बाजूला करायचे. "हौसा, येतीस का? लई भारी हाय." मग उभे राहायचे. घाई करायचे नाहीत. होडीवाला हाका मारायचा, गार्ड घड्याळ बघायचे, आप्पा उभेच. काकू दुसरीकडं तोंड फिरवायच्या. "बरं," आप्पा म्हणायचे, "बस. मी बघून येतो आन् सांगतो तुला." संध्याकाळी नलूताईंच्या पडवीत काकूंच्या शेजारी बसून ते सगळं सांगायचे. शेळक्यांचं थालीपीठसुद्धा. सांगताना आम्ही कुणी हसलो की ते पटकन काकूंच्या तोंडाकडं बघायचे.

दर वर्षी मी ठरवायचे की हे शेवटचं. काकू होत्या तशाच होत्या, उलट वाळत चालल्या होत्या. आप्पांच्या पाठीचं मात्र धनुष्य झालं. घरी स्वयंपाक तेच करायचे, लुगडं तेच धुवायचे, वेणी तेच घालायचे. वेणी वाकडी यायची. मी एकदा नीट घालून दिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकडी. मी त्यांना सरळ म्हटलं, "आप्पा, पैसा आणि तब्येत दोन्ही जातंय. काकूंना काही फरक नाही."

"कालवा नवा खांदला की पहिलं पाणी जमीनच पिऊन टाकती," आप्पा म्हणाले. "टेलला लगेच पोचत न्हाई. म्हणून सोडायचं थांबवत्यात का?"

पुढच्या थंडीत मी पुन्हा पिशवी भरली.

आता खडकाचं सांगते. नलूताईंच्या गावाच्या किनाऱ्यासमोर एक मोठा खडक आहे. वर एक छोटी घुमटी. ओहोटीला वाळू उघडी पडते आणि चालत जाता येतं. एका वर्षी आम्ही भर दुपारी गेलो होतो, चप्पलसुद्धा न भिजता. आप्पांना ती सहल फार आवडली होती, कारण पाणी वेळेवर उतरलं असं समुद्राच्या बाबतीत त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

त्यामुळे पुढच्या वर्षी आप्पांनी तीच तारीख धरली. कालव्याचं आवर्तन खात्याच्या हुकमानं तारखेवर सुटतं, तारखेवर बंद होतं. समुद्राचंही तसंच असणार. मागल्या साली या तारखेला दुपारी बाराला खडक कोरडा, म्हणजे यंदाही बाराला कोरडा. आम्ही सगळे कालव्याच्या पाण्यावर वाढलेली माणसं. आम्हाला यात काही चुकीचं वाटलं नाही.

सकाळी निघताना नलूताई म्हणाल्या, "आप्पानूं, आज वद्य चतुर्थी. पाणी आता भरायला लागेल हो. तिकडे जाऊ नका."

"ताई, चतुर्थी तुमच्या उपासाला," आप्पा म्हणाले. "सरकारी काम तिथीवर चालत न्हाई."

"समुद्र काय सरकारी आहे?"

"मग कुणाचा हाय?"

नलूताईंनी माझ्याकडं बघितलं. मी डबा बांधत होते. मला वाटलं, कोकणातली माणसं जपून वागणारी, सांगायचं म्हणून सांगतात.

जीप सुरूच्या झाडांखाली लावली. आप्पा मागच्या दाराशी गेले. "हौसा, येतीस का? आज कोरडं हाय. पाय बी भिजायचा न्हाई." उभे राहिले. काकूंनी तोंड फिरवलं. "बरं, बस." गफूरला मागच्या चाकातली हवा कमी वाटत होती. तो पंपवाल्याला शोधायला गावात गेला.

आम्ही निघालो तेव्हा वाळूवर घोट्याएवढं पाणी होतं. आप्पा म्हणाले, "बघा, उतरतंय. बारापर्यंत एकदम खडखडीत." खडकावर चढलो, घुमटीला हात जोडले, सावली बघून बसलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. आप्पांनी सवयीनं पहिली भाकरी उचलून मागं केली, आणि मागं कुणी नव्हतं. ती त्यांनी परत फडक्यात ठेवली.

गार्डांच्या लक्षात आधी आलं. "आप्पा," ते चावता चावता म्हणाले, "तुमची गाडी उलटी चाललीय."

बघितलं तर आम्ही आलो ती वाळू दिसतच नव्हती. शेळके उतरून बघायला गेले आणि मांडीपर्यंत भिजून धावत वर आले. त्यांच्या बायकोनं मोठ्यानं रामाचं नाव घेतलं. मी पोहता न येणाऱ्यांची मनातल्या मनात मोजदाद केली. सगळेच होतो.

आप्पा खडकाच्या कडेला जाऊन उभे राहिले. "बंद होईल," म्हणाले. "बारा वाजू द्या." बारा वाजून गेले. पाणी वाढतच होतं. आप्पांच्या तोंडावर जे मी पाहिलं ते भीतीचं नव्हतं. आयुष्यभर ज्याचं मीठ खाल्लं त्या पाण्यानं ऐनवेळी ओळख नाकारावी, असं काहीतरी. "मागल्या साली ह्याच तारखेला..." ते कुणाला तरी सांगत होते. ऐकायला तिथं कुणी साहेब नव्हता.

तेवढ्यात शेळक्यांची बायको म्हणाली, "अगं बया. काकू."

जीपचं मागचं दार उघडं होतं. काकू खाली उतरल्या होत्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कुणी हात धरला नव्हता. त्या वाळूतून सरळ पाण्याकडं आल्या, थेट कडेला. लुगडं वाऱ्यानं फडफडत होतं. आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि त्यांचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"बोलतीय," आप्पा म्हणाले. "बोलतीय! ओ, ती बोलतीय बघा!"

त्या नुसत्या बोलत नव्हत्या. ओरडत होत्या. भरावावर उभ्या राहून ओरडायच्या तशा, पुढं वाकून, एक हात हवेत आपटत. पण वारा आमच्याकडून त्यांच्याकडं होता आणि मध्ये लाटा. आमच्यापर्यंत काहीच येत नव्हतं. एक अक्षर नाही.

"गप बसा! समदी गप बसा!" आप्पा आमच्यावर खेकसले. आम्ही गप्पच होतो. मग ते समुद्रावर ओरडले, "गप ए! थांब की जरा!" मी आप्पांना इतक्या वर्षांत कुणालाही ‘ए’ म्हणताना ऐकलं नव्हतं. ते कानामागं हात धरून पुढं पुढं जात राहिले. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले तेव्हा गार्डांनी आणि शेळक्यांनी त्यांना काखेत हात घालून मागं ओढलं.

"सोडा! तिला काय पायजे ते तरी ऐकू द्या!"

"आप्पा, बुडाल."

"अहो पण ती बोलतीय!"

किनाऱ्यावर दुसरं कुणीही नव्हतं. काकू बराच वेळ ओरडत होत्या. मग त्यांचे हात खाली आले. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आमच्याकडं बघत. मग वळल्या आणि जीपकडं चालत गेल्या.

गफूरनं जाऊन सांगितल्यावर नलूताईंनी धाडलेली होडी उन्हं कलल्यावर आली आणि आम्हाला काढून नेलं. होडी वाळूला लागायच्या आत आप्पांनी उडी मारली. पडले, उठले, ओल्या धोतरानिशी जीपकडं पळाले. मी मागोमाग पोचले तेव्हा ते मागच्या दाराशी उभे होते. काकू आपल्या जागेवर बसल्या होत्या. पायांना ओली वाळू चिकटलेली. नजर दुसरीकडं.

"हौसा," आप्पा म्हणाले, "मला ऐकू आलं न्हाई गं. वारं हुतं. काय म्हणत हुतीस?"

ते उभे राहिले. त्या दिवशी कुणी घाई केली नाही. गफूर आला, त्याला मी हातानं थांबवलं. आप्पा उभे राहिले, उभे राहिले. पाणी आता खरंच उतरायला लागलं होतं.

त्यानंतर काकू बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी आप्पा एकटेच त्यांना घेऊन गेले, गफूरच्या जीपमधून. गफूरनं सांगितलं, "दीदी, आप्पा मुद्दाम भरतीच्या टायमाला खडकावर जाऊन बसले. पूरा दिन. काकू उतरल्याच नाहीत." त्यानंतर गफूरनं न्यायचं नाकारलं. त्याचं बरोबर होतं, मी असते तर मीही नाकारलं असतं.

मग आप्पांनी आम्हा सगळ्यांना एकेकदा गाठून विचारलं. तुमाला काय वाटतं, काय म्हणत असंल? शेळक्यांची बायको म्हणाली, "लवकर या म्हणाल्या असतील." गार्ड म्हणाले, "सांभाळून, असं म्हणाल्या. मला ओठांवरनं वाटलं." शेळके म्हणाले, "तुमच्या नावानं हाक मारली आप्पा, देवाशपथ."

माझ्याकडं आले तेव्हा मी पीठ भरत होते. मी सांगितलं, "आप्पा, मला ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही."

"मला म्हाईत हाय की," ते म्हणाले. "मी बी तिथंच हुतो. लोकं चांगली हायती. आपापल्या परीनं देत्यात काय तरी." आणि डबा न घेताच गेले.

आता रोज संध्याकाळी, दिवे लागले की भिंतीपलीकडं खाट ओढल्याचा आवाज येतो. आप्पा काकूंच्या समोर बसतात. भिंत एका विटेची आहे, सगळं ऐकू येतं.

"‘लवकर या’ म्हणलीस का?"

थांबतात.

"‘सांभाळून’? न्हाई, ते तुझं न्हाई वाटत. ते गार्डाचं हाय."

थांबतात.

"‘मुडद्या’ म्हणलीस का? ‘कुठं जाऊन बसलास, मुडद्या’, असं? म्हणली असशील तर म्हण. एकदा म्हण. मी काय बोलणार न्हाई."

त्या वेळेला मी मोटर बंद करते. बायकांचे डबे रांगेत असतात, कुणाला स्वयंपाक असतो, कुणाला सातची गाडी गाठायची असते. "काय झालं?" विचारतात. मी म्हणते, लाईट गेली. डोक्यावर बल्ब लागलेला असतो, तो सगळ्यांना दिसतो. डबा उचलून कुणी निघून जात नाही.

पलीकडून काहीच येत नाही. मग खाट पुन्हा वाजते. "बरं," आप्पा म्हणतात, "वाढू का जेवायला?" आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला की मी मोटर चालू करते.